नौपाड्यातून ऐरोलीला बिऱ्हाड हलवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नौपाड्यात लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचं वन बीएचके आहे. इमारत पुनर्विकासाला जाते आहे आणि मे अखेरपर्यंत जागा रिकामी करून द्यायची आहे. ऐरोलीत अकराव्या मजल्यावर भाड्याचं घर ठरलंय. सोबत सासूबाई आहेत, पस्तीस वर्षांचा संसार आहे, आणि तीन पॅकर्सवाल्यांनी दिलेल्या दरांत इतका फरक आहे की कोणाचं खरं मानायचं ते कळत नाही. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

ताई, खोकी आणि टेपची यादी इतक्यात करू नका. मी ठाण्यात आणि नवी मुंबईत घरं हलवण्याचं काम करते. पूर्वी फक्त स्वयंपाकघराची बांधणी करायचे, आता सबंध काम अंगावर घेते. या कामात माझं एक मत पक्कं झालंय. सामान हलवण्याचा दिवस बिघडतो तो दारांपाशी. जिन्याच्या वळणावर, लिफ्टच्या दारात, सोसायटीच्या गेटवर. नीट बांधलेला कप सहसा फुटत नाही. पण गेटवर दोन तास अडवलेल्या टेम्पोतून अंधार पडायच्या आत घाईघाईनं सामान उतरवायला लागलं, की कप फुटतात, कपाटाचे कोपरे दबतात आणि घरातली माणसं एकमेकांवर ओरडायला लागतात. म्हणून पहिलं काम हे, की मोजपट्टी घेऊन दोन्ही इमारतींत फिरायचं.

नौपाड्याच्या जिन्यात दोन वळणांमधली जागा मोजा, कठड्यापासून भिंतीपर्यंतची. मग घरातल्या चार मोठ्या वस्तू मोजा. लोखंडी कपाट, फ्रिज, सोफा आणि गादी. जुन्या इमारतीत कित्येकदा कपाट पस्तीस वर्षांपूर्वी वर आलं तेव्हा कठडा वेगळा होता, किंवा मधल्या काळात कोणीतरी जिन्यात चपलांचं कपाट ठेवलंय, मीटरची पेटी बाहेर काढलीय. आलं होतं म्हणजे जाईलच असं धरून चालू नका. ऐरोलीला लिफ्टच्या दाराची रुंदी, आतली खोली आणि उंची मोजा. डबल बेडची अखंड गादी बऱ्याच साध्या लिफ्टमध्ये मावत नाही, आणि मग ती अकरा मजले जिन्यानं न्यावी लागते. ते हमालांना त्या क्षणी कळलं तर वाद होणारच, आणि त्यात चूक त्यांची नसते. आधी सांगितलंत तर त्याची मजुरी आधीच ठरते.

दुसरं, ऐरोलीच्या सोसायटीचे नियम. हे घरमालकावर सोपवू नका, स्वतः सेक्रेटरीला किंवा मॅनेजरला फोन करा. सामान कोणत्या वेळेत आत घेतात, दुपारी मध्ये बंद ठेवतात का, रविवारी चालतं का, कोणती लिफ्ट मिळेल, लिफ्टसाठी अनामत रक्कम भरायची का, टेम्पो आत कुठपर्यंत येतो. बहुतेक मोठ्या सोसायट्या भाडेकरूकडून नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि पोलीस पडताळणीची पोच मागतात, आणि त्या मिळाल्याशिवाय वॉचमन गाडी आत सोडत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं हे तसंही १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नका. या कागदांच्या दोन प्रती छापून हातात ठेवा. मोबाइलवर दाखवू म्हणाल, आणि नेमकं तेव्हा वॉचमनला रजिस्टरला जोडायला कागदच हवा असतो.

आता दोन्हीकडच्या वेळा जुळवायच्या. नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोड आणि त्यांच्या आतल्या गल्ल्या सकाळी नऊनंतर भरतात. टेम्पो इमारतीसमोर लावायला जागाच राहत नाही. ऐरोलीची सोसायटी दहाच्या आधी गाडी घेणार नाही असं धरून चाला. यातून मार्ग असा, की टेम्पो सकाळी साडेसहाला नौपाड्यात उभा करायचा, नऊपर्यंत भरून निघायचं. त्यासाठी सगळी बांधणी आदल्या दिवशी संपलेली असायला हवी. सकाळी फक्त उतरवायचं आणि भरायचं. आदल्या रात्री शेजाऱ्यांना सांगून इमारतीसमोर एक-दोन स्कूटर आडव्या लावून जागा धरून ठेवा. नौपाड्यातले शेजारी एवढं करतात, आणि पुनर्विकासात सगळ्यांचीच वेळ येणार असते, त्यामुळे आज त्यांनी तुमच्यासाठी केलं तर पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्यासाठी करा.

गाडी कोणती, यावर माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या सामानाला चौदा फुटी ट्रक सांगणारा माणूस नौपाड्याची गल्ली पाहून गेलेला नाही. तो ट्रक मुख्य रस्त्यावर उभा राहील, आणि प्रत्येक वस्तू तीन मजले उतरवून वर शे-दीडशे पावलं चालवत न्यावी लागेल. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, मात्र कमी पडेल. त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास आणि लांबी सात फूट. मध्यम पिकअप किंवा टाटा ४०७ टेम्पो घ्या आणि दोन खेपा करा. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे, दोन खेपा सहज होतात. दोन खेपांचा आणखी एक फायदा, पहिली खेप वर लागत असताना दुसरी भरली जाते आणि ऐरोलीच्या लिफ्टपाशी गर्दी होत नाही.

रस्ते दोन आहेत. कोपरीवरून पूर्व द्रुतगती महामार्ग धरून मुलुंड-ऐरोली पूल, किंवा कळवा-विटावा करून ठाणे-बेलापूर रस्ता. कोरड्या दिवसांत ड्रायव्हरला ठरवू द्या, तो सकाळी कुठे काय अडलंय ते तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो. पाऊस सुरू झाला असेल तर मात्र विटाव्याचा हट्ट धरू नका. तिथल्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं हे ठाणेकरांना सांगायला नको. टोल कोण भरणार हे दर ठरवतानाच बोला.

एवढं झालं की माळा. तुमच्या पत्रात माळ्याचा उल्लेख एका ओळीत आहे, पण तुमचं निम्मं काम तिथे आहे. नव्या टॉवरमधल्या भाड्याच्या घरांना बहुतेकदा माळे नसतात. म्हणजे नौपाड्यात माळ्यावर, पलंगाखाली, दारामागे जे सामावलं होतं, ते ऐरोलीत जमिनीवर येणार, आणि दोन-तीन वर्षं तुम्ही त्याच्यामधून वाट काढत चालणार. हलवायच्या तीन आठवडे आधी माळा उतरवायला घ्या. रोज थोडा, एकदम सगळा नको. एकदम उतरवला की घरात पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि मग वैतागून सगळंच परत खोक्यांत भरलं जातं.

इथे सासूबाईंबद्दल सांगते, कारण माझ्या लेखी हा तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. वयस्क माणसांना घर सोडताना सर्वांत जास्त त्रास होतो तो त्यांना न विचारता वस्तू काढून टाकल्यानं. त्या दुपारी झोपलेल्या असताना पितळेचं पातेलं भंगारवाल्याला गेलं, आणि त्यांना ते ऐरोलीत महिन्याभरानं कळलं, तर ती जखम कितीतरी दिवस राहते. माळ्यावरचं सामान त्यांच्यासमोर, त्यांना खुर्चीवर बसवून उतरवा. प्रत्येक वस्तूला त्यांनीच सांगायचं, न्यायचं, कोणाला द्यायचं, की मोडीत काढायचं. त्यांना ठरवता आलं नाही तर वस्तू बाजूला ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. मी पाहिलंय, की विचारलं की वयस्क माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वस्तू मोकळ्या मनानं देऊन टाकतात. तांब्याचा बंब भाचीला, शिलाई मशीन कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला. वस्तू कोणाकडे गेली हे माहीत असलं की त्यांना ती गेल्यासारखी वाटत नाही.

पाटा-वरवंटा न्यायचा का, हेही तुम्ही विचारलंय. न्या. जड आहे, पण जागा फारशी खात नाही, आणि गेला की तसा पुन्हा मिळत नाही. गोणपाटात गुंडाळून टेम्पोच्या तळाशी, केबिनच्या बाजूला ठेवायला सांगा. खोक्यात मुळीच घालू नका, खोक्याचा तळ सुटतो आणि कोणाच्या तरी पायावर पडतो.

पुनर्विकासात घर सोडताना काही गोष्टी साध्या घरबदलीत नसतात. खिडक्यांच्या ग्रिल, दारं, ओट्याचा कडप्पा हे काढून नेण्याआधी विकासकाशी झालेला करार वाचा, कारण अनेक करारांत इमारतीतल्या पक्क्या वस्तूंचं भंगार विकासकाचं असतं. पंखे, गीझर, पडद्याचे रॉड, नळाला लावलेला फिल्टर हे तुमचं. भाडं, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च यांपैकी करारात काय मिळणार आहे ते पाहा, आणि मिळणार असेल तर पॅकर्सकडून स्वतःच्या नावाचं पक्कं बिल घ्या. रिकाम्या घराचे, प्रत्येक खोलीचे, मीटरच्या शेवटच्या आकड्याचे फोटो काढा. किल्ली दिली की ताबा दिल्याची लेखी पोच घ्या. शेअर सर्टिफिकेट, मूळ खरेदीखत, पुनर्विकासाचा करार, दागिने, आधार, शाळेचे दाखले, औषधं आणि डॉक्टरांच्या फायली एका बॅगेत भरून ती बॅग घरातल्या एका माणसाच्या खांद्यावर दिवसभर राहू द्या. टेम्पोत ठेवायची नाही, ओळखीच्या ड्रायव्हरच्या शेजारीसुद्धा नाही.

आता दरांचा घोळ. तीन दरांत इतका फरक येतो कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचा दर दिलेला असतो. फोनवर ‘वन बीएचके’ ऐकून सांगितलेला आकडा धरूच नका. माणूस घरी येऊन प्रत्येक खोली, माळा, पलंगाखालची जागा बघून गेला पाहिजे. त्याच्याकडून लेखी घ्या, की वस्तूंची यादी काय, बांधणीचं सामान त्याचं की तुमचं, तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं उतरवण्याची मजुरी धरली आहे का, गादीसाठी जिना चढावा लागला तर काय, पलंग आणि कपाटं खोलणारा सुतार, एसीवाला, टोल, जीएसटी, थांबण्याचे पैसे. सगळ्यात कमी दर देणारा बहुतेक वेळा यातलं निम्मं सोडून सांगतो, आणि सामान गाडीत चढल्यावर ‘हे तर धरलंच नव्हतं’ सुरू होतं. तोवर तुमचा संसार त्याच्या गाडीत असतो, तुम्ही काय बोलणार? आगाऊ रक्कम थोडीच द्या, बाकी सामान उतरल्यावर. कार्यालयाचा पत्ता खरा आहे का ते जाऊन पाहा, नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव लावणारे पुष्कळ आहेत. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशी मागा.

विमा दिलाय असं म्हणाले तर विमा कंपनीचा कागद दाखवायला सांगा. आमची गॅरंटी म्हणजे विमा नव्हे. सामान वाहून नेणाऱ्या नोंदणीकृत वाहतूकदाराची जबाबदारी २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली, आधी किंमत लिहून दिली नसेल तर, भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. दहा किलोमीटरच्या भाड्याच्या दहापटीत सबंध संसार भरून निघत नाही. म्हणून महागड्या वस्तूंची किंमत बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

बांधणीचं बोलू. नवी खोकी सगळ्यांसाठी विकत घेण्याची गरज नाही. मेडिकल दुकानांची खोकी मजबूत आणि कोरडी असतात, पुस्तकांना आणि डब्यांना उत्तम. किराणा दुकानातली तेलाची किंवा साबणाची खोकी कपड्यांना नकोत, वास महिनाभर जात नाही. काचेच्या सामानाला मात्र पाच थरांचं नवं खोकं घ्या. भरलेलं खोकं तुम्हाला एकटीला उचलता आलं पाहिजे, साधारण पंधरा किलो. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. ते खोकं दोन हमालांना पण जिन्यात धरता येत नाही. पुस्तकांना छोटी खोकी, आणि चाकाची बॅग असेल तर तीही. पण तिसऱ्या मजल्यावरून ती बॅग चाकांवर खेचत उतरवू नका.

खोक्यावर नाव लिहायचं ते नव्या घरातल्या खोलीचं, जुन्या नाही. आणि वरच्या झाकणावर लिहू नका, एकावर एक रचली की दिसत नाही. दोन बाजूंना मोठ्या अक्षरात लिहा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक खोलीला एक रंग. लाल टेप म्हणजे स्वयंपाकघर, निळा म्हणजे सासूबाईंची खोली. ऐरोलीच्या दारावर त्याच रंगाचा तुकडा चिकटवा. हमाल वाचायला थांबत नाहीत, रंग बघून सरळ आत जातात, आणि तुम्हाला दारात उभं राहून ओरडावं लागत नाही. एका वहीत खोक्याचा नंबर आणि आत काय ते लिहा.

स्वयंपाकघर शेवटी बांधायचं, तरी त्याची तयारी सगळ्यात आधी सुरू होते. महिनाभर नवं वाणसामान भरू नका. जे आहे ते संपवा. तांदूळ-डाळ डब्यासकट न्यायची असेल तर डबा पाऊण भरा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घाला आणि झाकण मास्किंग टेपनं बांधा; तपकिरी टेपचा चिकटपणा स्टीलवरून निघता निघत नाही. मोठं पिंप धान्यानं भरलेलं नेऊ नका. ते रिकामं करून त्यात चाळण्या, लाटणं, पोळपाट, प्लास्टिकचे डबे घाला. पातेली एकात एक, मध्ये कागद. कुकरची शिट्टी आणि रिंग कुकरच्या आतच, झाकण उलटं. ताटल्या खोक्यात आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, पुस्तकं फळीवर लावतात तशा. आडव्या रचलेल्या काचेच्या ताटल्यांत खालची फुटतेच. सुऱ्या आणि विळी पुठ्ठ्यात गुंडाळून त्यावर ‘धार’ असं लिहा. विळीचं पातं कोणाच्या हाताला लागलं तर काम तिथेच थांबतं, आणि तो माणूस रोजावर जगणारा असतो.

बबल रॅप काचेसाठी आणि टीव्हीसाठी ठेवा. बाकीच्याला जुन्या सुती साड्या, चादरी, टॉवेल वापरा, ते तसेही न्यायचेच आहेत. जरीच्या साड्या मात्र भरावासाठी कधीही वापरू नका, त्या मलमलीत बांधून तुमच्या सुटकेसमध्ये. पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांना वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते. आधी कोरा कागद.

मे महिना म्हणजे साठवणीचे दिवस. यंदाचं लोणचं ऐरोलीत गेल्यावरच घाला. जूनच्या सुरुवातीपर्यंत कैऱ्या मिळतात. जुनी भरलेली बरणी टेम्पोत देऊ नका. झाकणाखाली प्लास्टिक, वर दादरा घट्ट बांधून, उभी, रिक्षात किंवा गाडीत कोणाच्या तरी पायांमध्ये. वर्षाचा मसाला दोन थरांच्या पिशवीत घालून डब्यात. पापड-कुरडयांचे डबे सगळ्यात वर, त्यांच्यावर काही नाही. देवघरातले देव सासूबाईंच्या हातात. तेवढं त्यांना स्वतः करायचं असेल, विचारून पाहा.

यंत्रांमध्ये फ्रिजला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आदल्या दिवशी सकाळीच बंद करा, बर्फ वितळू द्या, पुसून दार थोडं उघडं ठेवा. न्यायचा तो उभा. ऐरोलीत लावल्यावर लगेच बटण दाबू नका, तीन-चार तास तसाच उभा राहू द्या, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसतं. वाटेत आडवा झालाच असेल तर आणखी जास्त वेळ. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे ड्रम जागेवर धरून ठेवणारे बोल्ट, शोधा. ते लावल्याशिवाय हलवलं तर आतला ड्रम हेलकावे खातो आणि मशीन कायमचं खडखडायला लागतं. एसी काढायला ओळखीचा मेकॅनिक बोलवा, आणि गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतल्यावरच पाइप सोडायला सांगा. ऐरोलीत भिंतीला भोक पाडायचं असेल तर मालकाची परवानगी आधी. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्या. टीव्हीचं मूळ खोकं नसेल तर दोन पुठ्ठ्यांमध्ये, उभा, गाद्यांच्या मध्ये.

पलंग किंवा शोकेस खोलताना सुताराला म्हणा, की प्रत्येक वस्तूचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घाल आणि ती पिशवी त्याच वस्तूच्या फळीला टेपनं चिकटव. खोलण्याआधी एक फोटो काढा. टीव्हीमागच्या आणि वायफायच्या वायरींचाही. लोखंडी कपाट पूर्ण रिकामं करा, लॉकरसकट. साड्या आत राहू दे, हलक्याच आहेत, असं सगळे म्हणतात; तीन मजले पाठीवर घेऊन उतरणाऱ्याला त्या हलक्या नसतात.

तारीख ठरवताना शनिवार-रविवार आणि महिन्याची अखेर टाळता आली तर टाळा, त्या दिवसांत चांगल्या टोळ्या आणि गाड्या दोन्ही मिळत नाहीत. मे अखेर ही तुमची शेवटची मुदत आहे, म्हणून १५ ते २५ मेच्या दरम्यानचा आठवड्यातला मधला दिवस बघा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे पाऊस धरतो, आणि वळवाची सर त्याआधीही येते, त्यामुळे ताडपत्री आणि गाद्यांना प्लास्टिकची कव्हरं मे महिन्यातही हवीतच. खोकं ओल्या फरशीवर टेकलं की तळ गेला, खाली पुठ्ठे अंथरा.

त्या दिवशी तुमची दोन माणसं लागतील. एक नौपाड्यात खाली गाडीपाशी, एक वर घरात. पहिल्या खेपेबरोबर वरचं माणूस ऐरोलीला जाईल. मुलांना आणि सासूबाईंना सकाळी कोणाकडे तरी पाठवा. हमालांना कामाला लागण्याआधी चहा-नाश्ता, जिन्याशी पिण्याच्या पाण्याचं पिंप, आणि दुपारचं जेवण द्या, ते दरात धरलेलं नसलं तरी. उन्हाळ्यात तीन मजल्यांच्या जिन्यावर दहावी फेरी करणाऱ्या माणसाला घाई करायला लावू नका. ऐरोलीच्या गेटवर कोणी अनोळखी माणूस येऊन, सामान आमच्याकडूनच उतरवायचं नाहीतर पैसे द्या, असं म्हणाला तर पावती आणि ओळखपत्र मागा. माथाडी कायदा १९६९ चा आहे आणि नोंदणी झालेल्या कामगाराची मजुरी माथाडी मंडळामार्फत होते. काम न करता गेटवर मागितलेले पैसे ही वसुली आहे. वाद घालू नका, सोसायटीच्या ऑफिसात जा, गरज पडली तर ११२ लावा.

ऐरोलीत सगळ्यात आधी सासूबाईंची खोली लावा. त्यांचा पलंग नौपाड्यात ज्या बाजूला होता त्याच बाजूला, उठल्यावर बाथरूम ज्या हाताला येतं ते शक्य तेवढं तसंच. रात्रीचा दिवा, पाण्याचा तांब्या, औषधं, चष्मा. अनोळखी घरात पहिल्या रात्री उठताना वयस्क माणसं पडतात, म्हणून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एकही खोकं राहू देऊ नका. मग स्वयंपाकघरातलं चहाचं आणि वरण-भाताचं सामान, ते वेगळ्या पिशवीत असेलच. बाकी खोकी आठवडाभर बंद राहिली तरी काही बिघडत नाही.

पॅकर्सच्या कागदावर सही करण्याआधी वहीतले नंबर आणि आलेली खोकी जुळवा. काही तुटलेलं दिसलं तर त्याच कागदावर लिहा, फोटो काढा, मग सही. उरलेले पैसे त्यानंतर.

गॅस आणि विजेचं राहिलं. नौपाड्यात महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर मीटर स्वतः काढू नका, आठवडाभर आधी अर्ज द्या. सिलिंडर असेल तर वितरकाकडे कनेक्शन बदलून घ्या. न्यायचाच असेल तर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभा, उघड्या गाडीत. वीज दोन्हीकडे महावितरणची आहे. नौपाड्याचं शेवटचं बिल भरून पावती पुनर्विकासाच्या फायलीत लावा, आणि ऐरोलीच्या मीटरचा पहिल्या दिवसाचा आकडा मालकाला फोटोसकट पाठवा, म्हणजे आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या माथी येणार नाही. बँक, विमा आणि मुलांच्या शाळेत नवा पत्ता त्याच आठवड्यात कळवा. आधारचा पत्ता बदलायला नोंदणीकृत भाडेकरार चालतो.